आजीला काही अडचण नाही

शनिवारची सकाळ. हापिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवला, घरचा उघडला आणि एक्सेलमध्ये तीन आकडे टाकले. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, भारतातल्या किती टक्के म्हाताऱ्या माणसांना आहे त्याचे. हरियाणातलं बल्लभगढ, १९९८: १.३६ टक्के. मुंबई, २००१: २.४४ टक्के. सगळा भारत, २०२३: ७.४ टक्के. ग्राफ काढला तर रेघ थेट वरच्या दिशेला! पाव शतकात पाचपटीहून जास्त. साथ आली की काय?

तासाभराने कळलं की ग्राफ साफ चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे याचीच ही गोष्ट.

हे सगळं शोधत बसायचं कारण आमची आजी. वय ८१. आधी चहात साखर दोनदा पडायला लागली. मग एक दिवस माळवाडीतून भाजी घेऊन येताना ती घराचा रस्ता चुकली. वारज्यात तिला पंधरा वर्षं झालीयेत! नातेवाईक म्हणाले, चालायचंच, साठी बुद्धी नाठी. तरी आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "रोजच्या कामात काही अडचण येते का?" बाबा लगेच म्हणाले, "छे, काहीच नाही."

बाबा खोटं बोलत नव्हते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ते तीन आकडे. पहिल्या दोन्ही आकड्यांत ६५ च्या वरची माणसं आहेत, तिसऱ्यात ६० च्या वरची. म्हणजे कॉलमचं नाव एक आणि आत माल वेगळा. पण खरी गंमत वयाच्या पुढे आहे. मोजायची पट्टीच वेगवेगळी होती.

स्मरणशक्ती तपासायची जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. त्यात शंभरातून सात-सात वजा करा, कागदावरचं वाक्य वाचा आणि तसं करा, असे प्रश्न असतात. आता बल्लभगढच्या अभ्यासात ५५ वर्षांवरची पाच हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यातली जवळजवळ तीन चतुर्थांश निरक्षर. जी बाई शाळेतच गेली नाही तिला वाचता आलं नाही म्हणून तिची स्मृती गेली म्हणायचं? तिथल्या संशोधकांनी चाचणी नव्याने बेतली. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी 'माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा' असं सांगितलं. सोपा बदल, पण त्यामागे कितीतरी महिन्यांची मेहनत आहे. मुंबईच्या अभ्यासात ४० वर्षांवरच्या २४,४८८ लोकांची पाहणी झाली, तिथे चाचण्यांचा संच वेगळा. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी उत्तमच. पण दोघांचे आकडे एका कॉलममध्ये टाकणं म्हणजे रुपये आणि डॉलर एकत्र बेरीज करणं.

आम्हा आयटीवाल्यांना वाटतं, डेटा शेअर करायचा म्हणजे काय, फाइल अपलोड करा, लिंक पाठवा. पण आधी सगळ्यांनी प्रश्न एकच विचारलेला असायला हवा. स्कीमा न ठरवता दोन डेटाबेस जोडायला गेलेल्या कुणालाही विचारा!

हे ठरवण्याची एक मोठी सुरुवात भारतातच झाली. १९९८ साली कोचीमध्ये देशोदेशीचे संशोधक जमले आणि '१०/६६' नावाचा गट तयार झाला. नाव असं का? स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि तिथे होणारं संशोधन १० टक्क्यांहून कमी, म्हणून. या गटाने भारत, चीन, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा ठिकाणच्या २५ केंद्रांत ६० वर्षांवरच्या २,८८५ माणसांवर एकच पद्धत तपासून पाहिली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. शिक्षण कमी असलेल्या माणसाला उगाच आजारी ठरवायचं नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं, घरच्यांशीही बोलायचं, आणि दोन्ही मिळून निष्कर्ष काढायचा.

मग याच पद्धतीने अनेक देशांत मोठी पाहणी झाली. २००८ मध्ये निकाल आले. अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकातली व्याख्या लावली की भारतात रुग्ण जवळजवळ दिसतच नव्हते. १०/६६ ची पद्धत लावली की सगळ्या देशांतले आकडे बरेच जवळ आले: ग्रामीण चीनमध्ये ५.६ टक्के, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ११.७ टक्के, बाकीचे मधे.

एवढा फरक का? अमेरिकी व्याख्येत रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा अशी अट आहे. आणि आपल्याकडे घरच्यांना विचारलं की ते म्हणतात, "छे, काहीच अडचण नाही."

हे वाचलं आणि मी गप्प बसलो. आजीला कसली अडचण येणार? आंघोळीचं पाणी आई काढते. गोळ्या आई देते. बँकेचं बाबा बघतात. भाजी आता मी आणतो. आजीवर कुठलं कामच उरलेलं नाही, मग ते बिघडणार कसं? आमच्या मायेनेच आजीचा आजार झाकून टाकला होता.

अमेरिकेतही हाच धडा, फक्त यंत्रांच्या भाषेत. २००४ मध्ये तिथे 'एडीएनआय' हा अल्झायमरचा प्रकल्प सुरू झाला. सरकार आणि औषध कंपन्यांचे पैसे, अमेरिका-कॅनडातली पन्नासहून जास्त केंद्रं, सुरुवातीला आठशेच्या आसपास माणसं. प्रत्येक केंद्राचं एमआरआय मशीन वेगळं, म्हणून ठराविक मापाची एक वस्तू सगळ्या मशीनमध्ये ठेवून आधी मशीनं जुळवून घेतली. आणि डेटा स्वतःपाशी दाबून न ठेवता जगभरच्या संशोधकांना खुला केला.

आता तो ७.४ चा आकडा. मुंबईत देवनारला लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, आयआयपीएस. तिने इतर संस्थांबरोबर २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची पाहणी केली. त्यातल्याच ४,०९६ ज्येष्ठांची दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने स्मृतिभ्रंशासाठी सविस्तर तपासणी झाली. चाचण्या अशा बेतल्या की अमेरिकेसारख्या इतर देशांच्या पाहण्यांशी तुलना करता यावी. अडीच हजार जणांची माहिती तर वेगवेगळ्या डॉक्टरांनी ऑनलाइन स्वतंत्रपणे तपासली, मतभेद झाला की चर्चा. हा डेटा संशोधकांना नोंदणी करून मिळतो. त्यातून अंदाज निघाला की देशात सुमारे ८८ लाख रुग्ण आहेत. म्हणजे माझ्या ग्राफमधली उडी मुख्यतः आजाराची नव्हतीच. आधी न दिसणारी माणसं आता दिसायला लागली होती.

बरं, मोजून काय होतं? गोव्यात काय झालं ते बघा. तिथे २००१ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की लोक याला आजार मानतच नाहीत, म्हातारपण समजतात. मग बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेऊन एक प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं घरी जाऊन आजार समजावून सांगायची, रुग्णाला कसं सांभाळायचं ते दाखवायची. २००८ मध्ये निकाल छापला गेला: सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. सांभाळणाऱ्यांचं! म्हणजे आमच्या घरी आईचं. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आईला बरोबर नेलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. बाबा बोलायच्या आत आईने पर्समधून कागद काढला. त्यावर ती आजीसाठी दिवसभरात जे जे करते ते लिहिलेलं होतं. दोन्ही बाजू भरलेल्या. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. निदान अल्झायमरचं झालं. वाईट वाटलं, पण निदान नाव तरी कळलं.

तुमच्या घरी कुणी आजी-आजोबा असतील आणि कुणी हा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याआधी एवढंच बघा: आपण आठवडाभर घरी नसलो तर त्यांचं कसं होईल? खरं उत्तर ते.

असो. आजी हाक मारतेय. मला माझ्या काकाच्या नावाने, पण मारतेय.