दुनळीवरचे शिक्के आणि परवान्यावरचं नाव

आजचा विषय जरा वेगळा आहे: जुनी, झिजलेली दुनळी बंदूक आणि तिचा ऑनलाइन लिलाव. गेले काही महिने रात्री काम आटोपलं की मी इंग्लंडमधल्या लिलावांची पानं चाळतोय. बोली लावायला नाही; का नाही, ते पुढे येईलच. पण एकेका बंदुकीचे पंधरावीस फोटो नीट पाहिले तर त्यात बराच इतिहास सापडतो, आणि तो फिरत फिरत आमच्या हिमायतनगरपर्यंत येतो.

एक बंदूक डोळ्यासमोर आणा. बारा बोअरची, बाहेरून दिसणारे दोन घोडे, मूळची बर्मिंगहॅमची. दस्त्याला तडा गेलाय आणि तो पितळी पट्टीनं आवळलाय. नळ्यांवरची नक्षी जवळजवळ पुसलेली.

आधी बारा बोअर म्हणजे काय ते बघू. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोल गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीएवढा नळीचा आतला व्यास, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. आपल्याकडे बरेच जण उलटं समजतात.

आता नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या आणि उलट्या करायच्या. खाली बारीक शिक्के दिसतात. इंग्लंडमध्ये नळी विकण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून बघतात. टिकली तर शिक्का. बर्मिंगहॅमचं हे तपासणीघर १८१३ पासून चालू आहे. शिक्क्यांची पद्धत वेळोवेळी बदलत गेली, त्यामुळे त्यावरून वय कळतं. नळीवर 'नॉट फॉर बॉल' असं कोरलेलं सापडलं तर ती १८७५ ते १८८७ मधली, कारण तेवढीच वर्षं तो शिक्का चालला. अर्थ असा, की नळीचं तोंड पुढे आवळलेलं आहे, यात छर्रेच भरा, अख्खी गोळी भरू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले व्हर्जन नंबर टाकतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे चूक झाली तर हात जातो.

नळ्यांवरची ती लाटालाटांची नक्षी म्हणजे दमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून नळी बनवायची. दिसायला देखणी, पण अशा बऱ्याच नळ्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. त्यात आजचं काडतूस घातलं तर नळी फुटू शकते. आणि आतून चकाचक दिसणाऱ्या जुन्या नळीवर तर मी आधी संशय घेईन. गंजाचे खड्डे घासून काढताना व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. जाणकार म्हणूनच आतला व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही मोजायला लावतात. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कधी कधी विकणाऱ्याचं नाव असतं. तिथे 'रोडा अँड कंपनी, कलकत्ता' दिसलं की बंदूक हिंदुस्थानात विकली गेलेली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुलांच्या पेट्या पळवल्या, त्या याच रोडाच्या.

किंमत मात्र ठरते ती नावावर. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स अशा कंपन्यांकडे जुन्या नोंदवह्या आहेत. क्रमांक दिला की बंदूक मुळात कुणी बनवून घेतली ते निघू शकतं. एखादा महाराजा किंवा नवाब निघाला, की भाव चढतो. नाव किती मोलाचं असतं ते आपण २०२५ मध्ये पाहिलंच. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सोदबीज लिलावातून महाराष्ट्र सरकारनं सुमारे ४७ लाखांना घेतली. पितळी पट्टी मारलेल्या दुनळीसाठी अर्थातच कुठलं सरकार धावणार नाही.

मग आपणच घ्यावी का? इथे १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. बंदूक बाळगायला परवाना लागतो आणि परदेशातून आणायला आयातीचा वेगळा परवाना. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण लोक ती अर्धीच वाचतात. शस्त्र जुन्या घडणीचं, पुरातन किंवा मोडकं असून भागत नाही. दुरुस्ती करूनही ते चालणार नाही, अशी अट आहे. चाप आणि घोडे शाबूत असलेली शंभर वर्षांची दुनळी कायद्याच्या नजरेत बंदूकच. 'अँटिक आहे' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. आमच्या गावाचं जुनं नाव वाढोणा. तिकडे पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. १९४८ मध्ये अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे स्वतंत्र भारत. उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. हत्यारांना पैसा लागतो, आणि ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्याच उमरीची बँक लुटली गेली, ती या लढ्यासाठी. दुसऱ्या बाजूला लातूरचे वकील कासिम रझवी रझाकारांचे पुढारी, आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानानं हैदराबादला शस्त्रं पोचवत होता. त्या वर्षी कुणाच्या घरात काय आहे, याला फार अर्थ होता.

रझाकारांचे अत्याचार आपण शाळेपासून ऐकतो, आणि ते ऐकायलाच हवेत. पण १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर काय झालं, ते दरवर्षीच्या झेंडावंदनात येत नाही. नेहरूंच्या सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकानं अहवाल दिला आणि तो कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. त्यांच्या अंदाजानं २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेडचं नाव आहे. त्या अहवालातली एक नोंद मला सोडत नाही: अनेक ठिकाणी मुसलमानांकडची हत्यारं काढून घेतली गेली आणि हिंदूंकडची तशीच राहू दिली.

बंदूक कुणाकडून काढली आणि कुणाकडे ठेवली, हे लंडनच्या नोंदवहीत मिळणार नाही. ते इथल्या कागदांत शोधावं लागेल, परवान्याच्या पुस्तकांत आणि ठाण्याच्या नोंदींत. पुढे १९५९ च्या कायद्यात शेतकऱ्याला पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आली. १९७२ नंतर शिकार बंद झाली. परवानाधारक वारला की कलम २१ प्रमाणे बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते; मुदतीत वारसानं हालचाल केली नाही तर ती सरकारजमा होऊ शकते. आजोबांची दुनळी अशी मालखान्यात जाते, आणि घरात उरतं ते परवान्याचं पुस्तक. रद्दीवाला यायच्या आधी ते बघा. त्यात बंदुकीचा क्रमांक, बनावट, परवान्यावरचं नाव असतं, आणि नशीब असेल तर नूतनीकरणाचे शिक्के वर्षावार लागलेले असतात. आणि माळ्यावर खरोखरच बंदूक सापडली, तर ती साफ करून फोटो टाकत बसू नका. एखाद्या वकिलाला विचारून ठाण्यात कळवा.

परवान्याची पुस्तकं असतील तर मात्र मला जरूर कळवा. विशेषतः १९४८ च्या आधीची, उर्दूतली. उर्दू वाचून देणारे एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे तयार आहेत.