परिचारिका बेसी ब्लाउंट

परिचारिका म्हटली की पांढरा पोशाख, थर्मामीटर आणि रात्रपाळी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. कामावरून घरी आल्यावर हातोडी-कानस घेऊन बसणारी परिचारिका विरळाच. अमेरिकेतील बेसी ब्लाउंट या कृष्णवर्णीय बाई अशा होत्या. त्यांची हकीकत भगिनींपुढे ठेवावीशी वाटते.

व्हर्जिनिया राज्यातील हिकरी गावी १९१४ साली त्यांचा जन्म झाला. शाळा एका खोलीची. बेसी डावखुरी, म्हणून शिक्षिकेने तिच्या बोटांवर मारले. (डाव्या हाताने घास उचलणाऱ्या मुलीला आपल्याकडे काय ऐकावे लागते, ते सांगायला नकोच!) पोरही हट्टी. डावा हात चूक तर उजवाही चूकच, असे म्हणून ती दातांत आणि पायाच्या बोटांत पेन्सिल धरून लिहावयास शिकली. सहावीपुढे तेथे काळ्या मुलांना शाळा नव्हती. पुढचे शिक्षण तिने आपल्या बळावर पुरे केले, आणि न्यूअर्क शहरात कृष्णवर्णीयांनीच चालविलेल्या रुग्णालयात ती परिचारिका झाली. मागाहून फिजिओथेरपीही शिकली.

दुसऱ्या महायुद्धात हात गमावलेले जवान बेसीबाईंकडे आले, तेव्हा लहानपणीचा तो हट्ट कामी आला. दातांनी, पायांनी लिहावे कसे, हे त्यांनी जवानांना शिकविले. पण जेवणाचे काय? धडधाकट तरुणाला दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागणे, हे दुःख औषधाने जाणारे नव्हे. बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात रात्री एक ते चार जागून, पदरमोड करून, दहा महिने खटपट केली. उकळत्या पाण्यात प्लॅस्टिक मऊ करावयाचे, कानशीने घासावयाचे, बर्फ फोडण्याच्या टोच्याने भोके पाडावयाची! अखेर यंत्र झाले. नळी दातांनी दाबली की एक घास तोंडात येई आणि पुन्हा दाबीपर्यंत यंत्र थांबे. गळ्यात अडकवून पेला-वाडगा धरून ठेवणाऱ्या चौकटीचे पेटंटही त्यांना १९५१ मध्ये मिळाले.

माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने यंत्र घेतले नाही. बाईंनी १९५२ मध्ये ते फ्रान्स सरकारला फुकट देऊन टाकले.

रुग्णासाठी ओकारीचे भांडेही त्यांनी वर्तमानपत्राचा कागद, पीठ आणि पाणी यांच्या लगद्यापासून करून भट्टीत भाजले. आपल्या आज्या रद्दीत मेथी घालून टोपल्या करीत, त्याच जातीचे हे काम. मायदेशी त्याचीही कदर झाली नाही. बेल्जियमने मात्र ते वापरले.

याशिवाय त्या वर्तमानपत्रांत सदर लिहीत. पुढे हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून पोलिसांना साह्य करू लागल्या आणि १९७७ मध्ये, साठी उलटल्यावर, लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये जाऊन शिकल्या. गुलामगिरीच्या काळातील जुने कागद खरे की खोटे, हे त्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत तपासून देत होत्या. ३० डिसेंबर २००९ रोजी त्या निवर्तल्या.