विश्लेषण : वॉलमार्टमध्ये रायफल मिळते, मग पिस्तूल का नाही?

एकीकडे दूध, ब्रेड, मुलांची दप्तरं आणि थोडं पुढे कुलूपबंद काचेच्या कपाटात रायफली. अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या साधारण निम्म्या दुकानांत बंदुका विकल्या जातात. भारतात आधी शस्त्र परवाना, मग दुकान. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिकारीची रायफल घेणाऱ्याला असा परवाना लागत नाही. परवाना दुकानदाराकडे असतो.

कायदा काय सांगतो?

१९६८च्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक दुकानातून रायफल किंवा शॉटगन घ्यायला १८ वर्षं आणि पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. ग्राहक फॉर्म भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते. मात्र तीन कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला विक्रीची मुभा असते (२१ वर्षांखालच्या ग्राहकांसाठी ही मुदत २०२२मध्ये वाढवण्यात आली). २०१५मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्या तरुणाला याच पळवाटेमुळे पिस्तूल मिळालं होतं. वॉलमार्टने मात्र त्याआधीच, स्पष्ट होकार आल्याशिवाय बंदूक द्यायची नाही, असा स्वतःचा नियम केला होता.

कंपन्यांनी नियम कधी बदलले?

वॉलमार्टने १९९३मध्ये पिस्तुलं बंद केली. अपवाद अलास्काचा, तोही २०१९मध्ये संपला. एआर-१५ प्रकारच्या रायफली २०१५मध्ये हटल्या. तेव्हा कंपनीने कारण दिलं ते घटलेल्या मागणीचं.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १७ जण मारले गेले. हल्लेखोराने काही महिन्यांपूर्वी 'डिक्स स्पोर्टिंग गुड्स' या साखळीतून एक शॉटगन विकत घेतली होती. विक्री कायदेशीर होती, हल्ल्यात ती बंदूक वापरलीही गेली नव्हती. तरीही दोनच आठवड्यांत तेव्हाचे प्रमुख एड स्टॅक यांनी अशा रायफलींची विक्री थांबवली आणि वयोमर्यादा २१ केली. उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल परत न पाठवता कंपनीने तो नष्ट केला. या निर्णयाने सुमारे २५ कोटी डॉलरची विक्री बुडाली, असा स्टॅक यांचा अंदाज होता. त्याच दिवशी वॉलमार्टनेही वयोमर्यादा २१ केली. पुढे ओरेगनमधल्या एका २० वर्षांच्या तरुणाने वयावरून भेदभाव होतो म्हणून दोन्ही कंपन्यांना कोर्टात खेचलं.

३ ऑगस्ट २०१९ रोजी हल्ला थेट वॉलमार्टच्याच दुकानात झाला. टेक्सासमधल्या एल पासोत २३ जणांचा जीव गेला. महिन्याभराने कंपनीने पिस्तुलांची आणि काही रायफलींची काडतुसं विकणं बंद केलं. काडतुसांच्या बाजारातला आपला वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

याने फरक पडतो का?

नियम कंपनीचा, त्यामुळे तो तिच्या काउंटरपुरताच. ग्राहकाला शेजारच्या बंदुकीच्या दुकानात जाता येतं. एल पासोच्या हल्लेखोरानेही बंदूक वॉलमार्टमधून घेतलेली नव्हती. शिवाय व्यवसाय म्हणून बंदुका न विकणाऱ्या व्यक्तीने आपली बंदूक त्याच राज्यातल्या दुसऱ्याला विकली, तर केंद्रीय कायद्यानुसार तपासणी बंधनकारक नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून सक्तीची केली आहे. वॉलमार्टमध्ये शिकारीच्या रायफली, शॉटगन आणि त्यांची काडतुसं आजही मिळतात.