पाणथरी, मार आणि दृष्ट

निवृत्त होऊन हेदवीला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुंबईस नेमकं काय करायचास रे तू?" "मेणात बसवलेले मांसाचे तुकडे कापायचो," म्हटल्यावर त्यांनी विषय आंब्याच्या मोहोरावर नेला.

पण खरंच तेच केलं. परळच्या एका लॅबोरेटरीत बत्तीस वर्षं. तुकडा फॉर्मेलिनमधून अल्कोहोलमध्ये, तिथून मेणात. मग मायक्रोटोमवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ फीत कापायची, कोमट पाण्यावर सोडायची आणि श्वास रोखून काचेवर उचलायची. हिमॅटॉक्सिलिनचा निळा, इओसिनचा गुलाबी. एकदा आमच्या सरांनी हाक मारली, "ये, बघून जा." लहान मुलाच्या पोटातली गाठ होती. निळ्या, गोल पेशींची नुसती दाटी. पण मध्येच काही पेशी कडं करून बसलेल्या आणि कड्याच्या पोटात गुलाबी तंतूंचा गुंता. गुळाच्या खड्याभोवती मुंग्या जमतात, तशा. "न्यूरोब्लास्टोमा," सर म्हणाले. "मज्जापेशी व्हायला निघालेल्या, वाटेत अडकल्या."

मला आमची वाडी आठवली. लहानपणी बाळाचं पोट फुगलं आणि हातपाय काड्या झाले की निदान ठरलेलं: पाणथरी. पोटावर बिब्ब्याचे डाग द्यायचे. एका पोराच्या डोळ्यांभोवती काळंनिळं झालं, तर 'कोणी मारलं का' म्हणून त्याच्या आईलाच दटावलं होतं. मग दृष्ट काढली, मग दशभुजा गणपतीला नवस बोलले. मलेरियाने प्लीहा सुजते ती खरी पाणथरी, आणि तिचा आमच्याकडे सुकाळ होता. पण ही गाठ बहुतेकदा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत धरते, तिनेही पोट फुगतं. आणि डोळ्यांमागच्या हाडात पसरली की मार न लागताही डोळे काळे पडतात. वरून बघून फरक कोण करणार?

तेव्हा आमच्या आज्यांना हसू नये. मोठमोठ्या डॉक्टरांचीही तीच गत होती. जर्मनीत फिर्शोने 1864 मध्ये मुलाच्या पोटातली अशी गाठ पाहिली आणि तिला ग्लायोमा म्हटलं. फिलाडेल्फियाच्या डॉ. पेपरने 1901 मध्ये यकृत फुगलेली तान्ही बाळं नोंदवली, लंडनच्या हचिसनने 1907 मध्ये कवटीत आणि डोळ्यांभोवती पसरलेली गाठ. एकाच दुखण्याला पेपरचा रोग आणि हचिसनचा रोग अशी दोन नावं मिळाली. उजवीकडची गाठ यकृतात जाते, डावीकडची डोक्यात, असं शास्त्रही काही वर्षं चाललं. म्हणजे त्यांचीही पाणथरी वेगळी आणि मार वेगळा!

बोस्टनच्या जेम्स होमर राइटने 1910 मध्ये ही सगळी एकाच घरची म्हणून दाखवली, त्या कड्यांवरूनच. आजही त्यांना होमर राइट रोझेट म्हणतात. रक्ताच्या काचा रंगवायचा राइट स्टेनही त्याचाच. आमच्याकडे मात्र मलेरियाच्या काचांना लीशमन स्टेन चालायचा.

ही काचेची विद्या मुंबईत कॅन्सरच्या कामी जोमाने लागली ती परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं तेव्हा, 28 फेब्रुवारी 1941 ला. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यामागून त्यांचे पती दोराबजी यांच्या ट्रस्टने ते उभारलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. आम्हा काचवाल्यांचा तो मूळपुरुष.

न्यूरोब्लास्टोमाचा स्वभाव मात्र काचेवर पुरता दिसत नाही. तान्ह्या बाळात ती कधीकधी आपणहून विरून जाते. थोड्या मोठ्या मुलात पसरली की केमो, ऑपरेशन, किरणं, सगळं लागतं. जपानने हे महागात शिकून घेतलं. ही गाठ ॲड्रेनलिनच्या कुळातली द्रव्यं सोडते, ती लघवीत उतरतात. म्हणून 1985 पासून देशभर सहा महिन्यांच्या बाळांची लघवी गाळणकागदावर टिपून, वाळवून तपासायला जायची. गाठी ढीगभर सापडल्या, मृत्यू काही म्हणावे तसे घटले नाहीत. ज्या विरल्याच असत्या, त्यांच्यावरही सुऱ्या चालल्या होत्या. 2004 मध्ये तपासणी थांबवली. मला विचाराल तर, चूक कबूल करून चालू योजना बंद करणं हे ती सुरू करण्याहून अवघड काम.

आता तर अडकलेल्या पेशींना पुढे ढकलून शहाणं करणारं औषधही उपचारांच्या शेवटी देतात. आयसोट्रेटिनॉइन, जे मुरुमांवर चालतं तेच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी लॅबोरेटरीबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. बोलण्यावरून गुहागरकडची वाटली म्हणून विचारलं, तर निघाली वेळणेश्वरची. कडेवर मुलगी. रिपोर्टचा कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "भाऊ, म्हणजे ही पाणथरी नव्हे ना?"

"नाही," म्हटलं.

तिने मुलीचा फ्रॉक वर केला. बेंबीच्या डाव्या अंगाला बिब्ब्याचे चार डाग होते, एकाची खपली अजून निघाली नव्हती.