चाल ओळखीची, शब्द आपले: कव्हर गायकांचा इतिहास कुठून सुरू करायचा?

मित्रांनो, मागे एका ज्युनिअरने मला विचारलं, "दादा, युट्यूबवर कव्हर गाणारे पुढे स्वतःची गाणी कशी करायला लागतात, यावर संशोधन करायचंय. पण याचा इतिहास २००५ च्या मागे जातच नाही ना?"

२००५ म्हणजे युट्यूब सुरू झालं ते वर्ष. मी विज्ञानाचा विद्यार्थी, संगीत काही माझा विषय नाही. पण एक गोष्ट लगेच खटकली. माध्यमाचं वय आणि प्रक्रियेचं वय आपण एकच धरून चालतो.

१४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, आपल्या विद्यापीठाच्या गेटवर कधी थांबला असाल तर आठवा. पुस्तकांचे स्टॉल, तुफान गर्दी आणि भीमगीतं. त्यातल्या काही चाली ऐकून वाटतं, अरे, ही तर कुठेतरी ऐकलीय! आपला धागा इथे सापडतो.

वामनदादा कर्डक यांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळा नशिबात नव्हती. लिहायला-वाचायला ते मोठेपणी मुंबईत शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, ते एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. म्हणजे सुरुवात दुसऱ्याच्या गाण्यावरूनच. पुढे त्यांनी हजारो गीतं लिहिली, गझलाही लिहिल्या, आणि बाबासाहेबांचा विचार गावोगावी गात नेला.

आता इथे घाई करू नका. विडंबन आणि कव्हर एकच नाही. कव्हरमध्ये चालही जुनी, शब्दही जुने. विडंबनात चाल जुनी, शब्द नवे. हा फरक व्याख्येत लिहिला नाही, तर गाईडच्या पहिल्याच प्रश्नाला तुम्ही अडकाल.

मग दोन्हींत समान काय? ओळखीच्या चालीचं काम. वामनदादांच्या श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हतं. गाणं एकदा कानावर पडलं की ते तोंडात बसायला हवं. चाल आधीच पाठ असली की अर्धं काम झालं, लक्ष थेट शब्दांवर जातं. आज नवख्या गायकाला कुणी नावाने शोधत नाही, लोक गाजलेलं गाणं शोधतात. ते गाणं श्रोत्याला त्याच्या दारापर्यंत आणतं. पुढे श्रोता थांबतो का, हा प्रश्न तेव्हाही होता, आताही आहे.

आणि "हे माझं" असं कसं सांगायचं? वामनदादा गाण्याच्या शेवटी "वामन" हे नाव गुंफायचे. गाणं दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या गळ्यात गेलं तरी नाव सोबत जायचं. आज हेच काम चॅनेलचं नाव करतं. पण व्हिडिओ डाउनलोड होऊन फिरायला लागला की चॅनेलचं नाव गळून पडतं. ओळीत गुंफलेलं नाव गळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा. पहिलं गाणं १९४३ चं, आणि 'वाटचाल' हा संग्रह आला १९७३ मध्ये. मधली ३० वर्षं पुस्तकाबाहेर गेली: वह्यांत, जलशांत, लोकांच्या तोंडी. फक्त ग्रंथालयात बसणाऱ्याला हा काळ रिकामाच दिसणार.

ऑनलाइन सगळं जपलं जातं, असं वाटत असेल तर जरा थांबा. कॉपीराइटच्या दाव्याने व्हिडिओ उतरतात. नाव झालं की काही जण आपली कच्ची कव्हर स्वतःच काढून टाकतात. म्हणजे ज्या टप्प्यावर तुम्हाला संशोधन करायचंय, तोच आधी पुसला जातो.

म्हणून त्या ज्युनिअरला एवढंच सांगितलं: प्रश्नावली नंतर बनव. आधी शहरातले चार-पाच गायक निवड, त्यांच्या परवानगीने जुने व्हिडिओ तारखेसकट जतन कर, आणि प्रत्येकाला विचार, पहिलं स्वतःचं गाणं केलं तेव्हा श्रोते घटले की वाढले?

मंडळी, तुमच्या विषयातही असा एखादा पुसला जाणारा टप्पा असणार. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तो शोधा.