‘माझे काम’ उर्फ ‘मंडळाचा इतिहास’



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा: कलावंत व ग्रंथकार आपल्या हातून झालेल्या सर्वांत मोलाच्या कामाकडे मागे वळून पाहतात, तेव्हा त्यांना काय दिसते? विषय ऐकून आम्ही प्रथम थोडे बिचकलो. आमचे आयुष्य बाजाराच्या आवारात, हमाल-मापाड्यांच्या पावत्या आणि मजुरीचे दर यांत गेले. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. जे काही वाचले ते आधी छापखान्यात खिळे जुळविताना व पुढे संघटनेच्या कचेरीत, सभेला माणसे जमेपर्यंतच्या वेळात. परंतु विचार करता असे वाटले की, ‘काम’ हा शब्द ज्यात आहे तो विषय आम्हांस अगदीच परका नाही. कोणी काय केले, कोणाच्या हातांनी केले आणि हिशेबात कोणाचे नाव लागले, एवढेच तर आम्ही तीस वर्षे विचारीत आलो आहोत. तोच प्रश्न आज मोठ्या माणसांच्या मोठ्या कामांना विचारून पाहू.

मालेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला नाशिककडचे मालेगाव आठवते. आपले हे वाशीम जिल्ह्यातील मालेगाव त्याला समजावून सांगावे लागते. पण इतिहासाच्या बाबतीत आपला मुलूख गरीब नाही. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. 1939 साली वाशिमला सापडलेल्या ताम्रपटाने ही गोष्ट पक्की झाली. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज मिळत नाही, पुढच्या संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनी केलेल्या उल्लेखांवरूनच ते आपणांस ठाऊक आहे. काव्य गेले, कवीचे नाव मात्र राहिले, कारण कवी राजा होता.

याच घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तसा शिलालेख तेथे आहे. त्यात राजांची वंशावळ आहे, मंत्र्याचे दातृत्व आहे. ज्याने छिन्नी धरली आणि ज्याने ओल्या मातीच्या लेपावर गुळगुळीत हात फिरवून चित्राची भूमी तयार केली, त्याचे नाव नाही. त्याला आपल्या कामाविषयी काय वाटले असेल? त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याला सांगावयाचे असले तरी ते सांगण्याची जागा त्या भिंतीवर नव्हती. येथे काम आहे आणि करणारा नाही. इतिहासाची ही पहिली रीत होय.

दुसरी रीत अलीकडची. तिच्यात करणारा स्वतः बोलू लागतो. दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण आपण सर्व जाणतो. ते आधी ब्लॉक व छपाईच्या धंद्यात होते. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपल्याकडील राम-कृष्ण पडद्यावर आणावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून 1912 साली ते लंडनला गेले आणि तेथून यंत्रसामग्री आणली. भांडवलवाल्याची खात्री पटावी म्हणून एका कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी टिपून दाखविली. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे 1917-18 साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी या धडपडीची हकीकत स्वतःच लिहिली. हिंदी चित्रपटाचा जनक आपल्या कामाविषयी आपल्या तोंडाने व मराठीत बोलतो आहे, ही साधी गोष्ट नव्हे.

आता या कामात हात कोणाकोणाचे होते ते पाहा. कोऱ्या फिल्मला भोके पाडलेली नसत. ती अंधाऱ्या खोलीत यंत्राने पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात असे. त्याच बाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. दागिने गहाण पडले तेही त्यांचेच. तारामतीच्या कामासाठी स्त्री मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे साळुंके यांना लुगडे नेसवून उभे केले. हिंदुस्थानातील चित्रपटाची पहिली राणी एक हॉटेल-कामगार होता, हे आम्ही आमच्या हॉटेल-कामगार बांधवांना नेहमी सांगतो आणि त्यांची मान ताठ होते. दादासाहेबांच्या नावाने आज देशातील सर्वोच्च चित्रपट-पुरस्कार आहे. सरस्वतीबाईंचे नाव मात्र मुद्दाम शोधावे लागते.

परंतु आज आम्हांस मुख्यत्वे ज्या कामाविषयी बोलावयाचे आहे ते आपल्या विदर्भाच्या मातीतून उठलेले आहे. ते म्हणजे महाराष्ट्रीय ज्ञानकोश, आणि त्याचे कर्ते डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूरला झाला, आणि शिक्षणाचा आरंभीचा काळ अमरावतीस गेला. 1906 साली ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले, आणि जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. असा मनुष्य एखाद्या कॉलेजात स्वस्थ बसून निवृत्त झाला असता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. त्यांनी मराठीत विश्वकोश करावयाचे मनात आणले.

जवळ पैसा नव्हता, कोणा संस्थानिकाचा भरभक्कम आश्रय नव्हता. त्यांनी काय केले? नागपूरला ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ नावाची कंपनी नोंदविली. गिरणी काढण्यासाठी जसे भाग विकतात तसे ज्ञानासाठी भाग विकले, आणि ग्रंथ तयार होण्याआधीच ग्राहक गोळा केले. विद्या ही दानावर चालावी असे मानणाऱ्या समाजात ही गोष्ट चमत्कारिक होती, आणि तिची टवाळीही झाली. पण आम्हांस तिच्यात एक मोठी गोष्ट दिसते. दान देणारा मनुष्य हिशेब मागत नाही, त्याचे नाव शिलेवर कोरले की त्याचे समाधान होते. वर्गणीदार व भागीदार मात्र हिशेब मागतो. वराहदेवाच्या लेण्यापासून केतकरांच्या कंपनीपर्यंतचे अंतर हे असे आहे.

पुढे काम पुण्यास गेले. आरंभी पाच प्रस्तावनाखंड, मग अकारविल्हे शरीरखंड आणि शेवटी सूची व पुरवणी, असे एकूण 23 खंड 1920 पासून दहा वर्षांच्या आत लोकांच्या हाती पडले. इंग्रजीत असे कोश व्हावयास लागणारी साधने आणि आपली साधने यांची तुलना केली म्हणजे हे काम केवढे होते ते कळते. शास्त्रांची परिभाषासुद्धा बऱ्याच ठिकाणी लिहिता लिहिता घडवावी लागली.

आणि 1927 साली केतकरांनी या कामाकडे मागे वळून पाहिले व एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम, उर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’. श्रोतेहो, या नावापाशी आम्ही फार वेळ थांबलो आहोत. ‘माझे काम’ हे एक नाव आणि ‘मंडळाचा इतिहास’ हे दुसरे. मध्ये एक लहानसा शब्द, ‘उर्फ’. कोर्टाच्या कागदात एकाच इसमाला दोन नावे असली म्हणजे आपण उर्फ लिहितो. मग बारा वर्षांचे काम माझे, आणि इतिहास मंडळाचा, ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत काय? आमच्या मते पुढाकार घेऊन काम करणाऱ्या प्रत्येक मनुष्याचे सारे सुख आणि सारे पाप या ‘उर्फ’मध्ये भरलेले असते.

सुख अशासाठी की, त्या मनुष्याने आपला जीव कामात खरोखरच घातलेला असतो. केतकर नसते तर ज्ञानकोश नसता, हे कबूल केलेच पाहिजे. सगळे काम समूहाचे असते, व्यक्ती कोणी नाही, असे आमच्यातील काही मित्र म्हणतात, ते आम्हांस पटत नाही. संप पुकारताना पहिला हात वर करणारा कोणीतरी एकच असतो. पण पाप अशासाठी की, ‘उर्फ’ म्हणता म्हणता दुसरे नाव पहिल्यात बुडून जाते.

ज्ञानकोशाच्या बाबतीत ती नावे बुडाली नाहीत, याला कारण ती माणसे स्वतः मोठी होती. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे हे ज्ञानकोशात तयार झालेले कार्यकर्ते. ज्ञानकोश संपल्यावर ते घरी बसले नाहीत. त्यांनी आणखी सहकारी मिळवून सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ केला, आणि पुढे ‘सुलभ विश्वकोश’ केला. कोणत्याही कामाची खरी परीक्षा आम्ही येथे करतो. ग्रंथ किती झाले हे ठीकच. पण त्या कामाने पुढचे काम करू शकणारी माणसे तयार केली की नाही? केतकरांनी ती केली. मंडळ राहिले नाही तरी कोश करण्याची विद्या राहिली.

आणखी एक नाव आहे. इडिथ कोहन या यहुदी घराण्यातील विदुषी 1920 साली केतकरांशी विवाह करून शीलवतीबाई झाल्या. विंटरनिट्झ या पंडिताच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले आहे. केतकरांची शेवटची वर्षे ओढाताणीची गेली; 10 एप्रिल 1937 रोजी ते वारले. पुढे बऱ्याच वर्षांनी बाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाचे नाव ‘मीच हे सांगितलं पाहिजे’. पतीच्या पुस्तकाचा आरंभ ‘माझे’ने, पत्नीच्या पुस्तकाचा ‘मीच’ने. ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे हिशेब पुरा होण्याच्या वाटेला लागतो. एकट्या पुस्तकाने तो पुरा होत नाही.

तरीही एक रकाना कोराच राहतो. आम्ही तरुणपणी एका लहान ट्रेडल छापखान्यात कंपोझिटर होतो, म्हणून तो आमच्या डोळ्यांत सलतो. त्या काळी मराठी मजकूर खिळा खिळा उचलून जुळवावा लागे. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांमुळे आमच्या केसला इंग्रजीच्या कितीतरी पट खाने. अक्षर आरशातल्यासारखे उलटे वाचावयाचे. फर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खान्यात सोडावयाचे, म्हणजे आपल्या हातचे काम आपल्याच हातांनी मोडावयाचे. ज्ञानकोशाच्या 23 खंडांतील प्रत्येक पान असे कोणीतरी जुळविले आणि कोणीतरी मोडले. त्यांतला एखादा आपल्या नातवाला म्हणाला असेल की, हे माझे बारा वर्षांचे काम. तेही खोटे नव्हते.

हे बोलणे दुसऱ्याला शिकविण्यापुरते ठेवून आम्हांस येथून उतरता येणार नाही. आमच्या संघटनेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा आम्ही एक स्मरणिका काढली. मागील लढ्याचा इतिहास आम्हीच लिहिला, कारण लिहिता येणारे आम्हीच. हमालीच्या दरासाठी अकरा दिवस काम बंद ठेवले होते, तो आमच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा प्रसंग. सभा, वाटाघाटी, भाषणे, सगळे सविस्तर लिहिले. प्रकाशन झाले, हारतुरे झाले. समारंभानंतर आवारात धान्य चाळणाऱ्या बायांपैकी एक वयस्क बाई पुढे आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. नातीकडून त्यांनी सगळे पुस्तक वाचवून घेतले होते. त्या म्हणाल्या, “काहो भाऊ, यात आमचं नाव कोठी हाये?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या अकरा दिवसांत या बायांनीही चाळण्या खाली ठेवल्या होत्या. त्यांच्या मजुरीचा प्रश्न मागण्यांत नव्हता. दर वाढले ते हमालांचे. तरी त्या आल्या, घरची ज्वारी आणली, आणि आवारात आमच्यासाठी भाकरी थापल्या. त्या नसत्या तर चौथ्या दिवशीच लोक कामावर गेले असते, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. ठाऊक असून लिहिले गेले नाही. लबाडी नव्हती, पण ‘आम्ही’ म्हणताना मनात फक्त हमाल व पुढारी उभे राहिले. येथे ‘आम्ही’ म्हणून बोलण्याची आम्हांस सवय आहे, आणि हा शब्दही ‘उर्फ’सारखाच फसवा आहे, हे त्या दिवशी कळले.

त्यानंतर आम्ही त्या बायांच्या घरोघरी वही घेऊन गेलो आणि त्या सांगतील तसे उतरवून घेतले. गंमत अशी की, आयुष्यातले मोलाचे काम कोणते असे विचारता त्यांतील बहुतेकींनी तो संप सांगितलाच नाही. एकीने दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचा रस्ता सांगितला. एकीने मुलीला नर्स केले ते सांगितले. संप त्यांनी केला तो आमच्यासाठी; त्यांचे काम दुसरेच होते. पुढच्या मागणीपत्रात चाळणीच्या मजुरीचे कलम पहिले लिहिले गेले, ते त्या वहीमुळे.

तेव्हा श्रोतेहो, ज्याला आपल्या मोलाच्या कामाची हकीकत लिहावयाची आहे, मग तो ग्रंथकार असो, नाटकवाला असो की सहकारी सोसायटीचा चेअरमन असो, त्याने तीन प्रश्न आधी सोडवावेत. पैसा कोणाचा गेला? हात कोणाचे राबले? आणि ज्यांना या कामातून काहीच मिळावयाचे नव्हते, असे कोण येऊन उभे राहिले? पहिल्याचे उत्तर शिलालेखातही मिळते. दुसऱ्याचे थोडेफार केतकरांच्या काळापासून मिळू लागले. तिसऱ्याचे उत्तर अजून कोणी लिहीत नाही, आणि खरा इतिहास तेथेच पडून आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचे अनुकरण होत होत आज आपल्या गावातही उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपण असे जमतो. ही सतरंजी ज्यांनी अंथरली, हा दिवा ज्यांनी लावला, त्यांची नावे या मालेच्या पुस्तकात शेवटच्या पानावर छापावीत, अशी चालकांना आमची विनंती आहे. जागा कमी पडली तर आमच्या भाषणातील एक परिच्छेद खुशाल गाळावा.