सनद मिळाल्यानंतरचे शिक्षण

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘चारशेवीस’ हा शब्द मराठीत शिवी म्हणून रुळला, त्याला कायद्याचे पुस्तक उघडावे लागले नाही. ‘त्याच्यावर तीनशेदोन लागला’ असे आमच्या धामणगावच्या कापूसबाजारातला हमालही सहज म्हणतो आणि ऐकणाऱ्याला खून समजतो. हे आकडे दीडशेहून अधिक वर्षे टिकले. १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंड संहिता अमलात आली आणि ३० जून २०२४ च्या मध्यरात्री ती मागे पडली. दुसऱ्या दिवसापासून खून १०३ झाला, फसवणूक ३१८ मध्ये गेली. बाजाराला जुना आकडा चालतो, वकिलाला चालत नाही. चाळीस वर्षे तोंडी बसलेली कलमे पुन्हा पहिलीपासून पाठ करायची, तीही उद्याची तारीख सांभाळून.

श्रोतेहो, मी धामणगाव रेल्वेला राहून फौजदारी वकिली केली. डॉक्टरांनी नवे औषध शिकले नाही तर रोगी दगावतो हे सर्वांना कळते. वकिलाने नवा कायदा शिकला नाही तर पक्षकार तुरुंगात राहतो, हे मात्र फारसे कोणी बोलत नाही. वकील सनद घेतल्यानंतर कसा शिकत आला, याचा वऱ्हाडापुरता इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

आपल्या वऱ्हाडाची गोष्ट कायद्याच्या दृष्टीने मुळातच जरा वाकडी. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. कारभार इंग्रजांचा, पण कागदोपत्री मालकी निजामाची. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलची वेगळी अधिसूचना निघावी लागे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले तरी हा गुंता सुटला नाही, आणि १९४१ मध्ये ‘बेरार लॉज अ‍ॅक्ट’ नावाचा खास कायदा करून कितीतरी कायदे एकदम वऱ्हाडाला लावावे लागले. म्हणजे जुन्या काळच्या वऱ्हाडी वकिलाला कायदा काय आहे हे माहीत असून भागत नसे, तो आपल्याकडे कोणत्या हुकमाने आला हेही पाहावे लागे. आमच्या वकिलांची चिकित्सक वृत्ती, किंवा लोक म्हणतात तसा किसकाढूपणा, इथूनच आला असावा असा माझा एक लाडका समज आहे.

त्या काळच्या अमरावतीच्या बारने देशाला मोठी माणसे दिली. र. न. मुधोळकर १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी होतेच. आणि दादासाहेब खापर्डे! लोकमान्यांना १९०८ मध्ये शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील करण्याच्या खटपटीसाठी दादासाहेब थेट लंडनला गेले. ही मंडळी शिकली कुठे? कॉलेजात शिकली ती पदवीपुरती. खरे शिक्षण दिवाणखान्यात झाले. संध्याकाळी बैठक भरायची, एकजण निकालपत्र मोठ्याने वाचायचा, बाकीचे त्यातली खोट काढायचे. ज्युनिअरने सिनिअरची बॅग उचलायची, त्याबदल्यात कान उघडे ठेवायचे. फीचा प्रश्न नव्हता आणि हजेरीपटही नव्हता. या शाळेचे कौतुक मीही पुष्कळ ऐकले आहे. पण तिच्यात प्रवेश कोणाला मिळे? ज्याचे सिनिअरच्या घरी येणेजाणे असे त्याला. शेतकऱ्याचा पहिलाच शिकलेला मुलगा सनद घेऊन आला की त्याला कोर्टाच्या व्हरांड्यातच शिकावे लागे.

त्या मुलाला खरा आधार दिला तो छापखान्याने. मुंबईत रतनलाल आणि धीरजलाल या जोडीने १८९९ मध्ये ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ सुरू केला. त्यांचे दंड संहितेवरचे भाष्य आजही वकिलाच्या घरात देवघराइतकेच हमखास असते. आणि आमच्या नागपुरात चितळ्यांनी ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ उभा केला. देशभरच्या उच्च न्यायालयांचे निकाल एका जागी छापून महिन्याच्या महिन्याला पोस्टाने घरपोच! वकील मंडळी त्याला ‘एआयआर’ म्हणतात. आज त्याने शंभरी ओलांडली आहे. एआयआर हे फक्त पुस्तक नव्हते, तालुक्याच्या वकिलाला घरबसल्या मिळालेले ते विद्यापीठ होते. अंक आला की आधी फौजदारी निकाल वाचायचे, वहीत कलमवार नोंद करायची, वर्षअखेरीस अंक बांधणीला द्यायचे. बेअर अ‍ॅक्टमध्ये दुरुस्तीच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवणे हे ज्युनिअरचे रविवारचे काम. आमच्यासारख्यांचे वाचन पुष्कळसे आगगाडीत होई. एका बाजूला बडनेरा ओलांडून अमरावतीचे सत्र न्यायालय, दुसऱ्या बाजूला पुलगाव, वर्धा करीत नागपूर. तिथे ९ जानेवारी १९३६ रोजी उच्च न्यायालय सुरू झाले. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. गाडी उशिरा आली तर एक निकाल जास्त वाचून होई.

या रिपोर्टांतून आलेले काही निकाल फौजदारी वकिलाला पाठ असतातच. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीतला किती भाग पुराव्यात येतो हे सांगणारा प्रिव्ही कौन्सिलचा पुलुकुरी कोटय्या खटला एआयआरच्या १९४७ च्या खंडात आहे. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी असावी हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत गोविंद नरगुंदकर खटल्यात सांगितले. तो खटला नागपूरचाच, आरोपी मध्य प्रांताच्या अबकारी खात्याचे आयुक्त होते, आणि शेवटी ते सुटले. पुढे १९८४ मध्ये शरद सारडा खटल्यात त्याच तत्त्वांचे ‘पंचशील’ झाले. शेताच्या धुऱ्यावरून झालेल्या मारामारीत रात्री कोणीतरी मेला आणि पाहणारा कोणीच नाही, अशा प्रकरणात खेड्यातल्या आरोपीचा जीव या दोन निकालांवर टांगलेला असतो.

माझी सनद १९७४ ची. त्याच वर्षी १ एप्रिलला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि १८९८ ची जुनी संहिता गेली. धामणगाव तेव्हा चांदूर तालुक्यात होते. बाररूममध्ये एकच विषय. खटला सत्र न्यायालयाकडे पाठवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यापुढे जी लांबलचक चौकशी चालायची ती संपली. अटकपूर्व जामीन ही नवी चीज आली. शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचे शिक्षेबद्दल म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक झाले. सत्र खटल्यात वकील न परवडणाऱ्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. मजा अशी की चालू खटले जुन्याच कायद्याने पुढे जायचे होते. त्यामुळे सकाळी एका संहितेने बोलायचे आणि दुपारी दुसरीने. ज्येष्ठ मंडळींची तारांबळ उडाली, आम्ही नवखे त्यामानाने सुखात होतो; आम्हाला विसरायचे काहीच नव्हते.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची अट होती. ती १९७३ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आणि माझ्या पिढीला पदवी मिळताच कोट मिळाला. पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये वर्षभराच्या उमेदवारीचा नियम केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर प्रकरणात रद्द ठरवला. असा नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला नाही, असे कारण दिले. मग २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. ती दारावरची परीक्षा. एकदा आत आल्यावर पुढची पन्नास वर्षे कोणी विचारत नाही. राज्य बार कौन्सिलने कायद्याच्या विषयांवर चर्चासत्रे आणि व्याख्याने भरवावीत असे त्याच कायद्याचे कलम ६ सांगते, पण वकिलाने तिथे जाऊन बसावे असे कुठेच म्हटलेले नाही. आणि भरतात त्या चर्चासत्रांविषयी काय बोलावे! दीपप्रज्वलन, हारतुरे, पाहुण्यांचा परिचय यांत दीड तास. मूळ विषयाला उरलेली पंचवीस मिनिटे, तीही जेवणाचा वास सुटलेला असताना.

दरम्यान कायदा थांबला नव्हता. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. झडती घेताना आरोपीला त्याचा हक्क सांगितला की नाही, एवढ्या एका मुद्द्यावर खटले पडू लागले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०१२ चा पोक्सो. प्रत्येकाची वेगळी प्रक्रिया, पुराव्याचे वेगळे गृहीतक. मग मोबाइल आला आणि खेड्यातल्या भांडणातही कॉल रेकॉर्ड व व्हिडिओ पुरावा म्हणून पुढे येऊ लागले. त्याला प्रमाणपत्र लागते की नाही यावर वर्षानुवर्षे गोंधळ होता. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ उपकरणच कोर्टात आले नसेल तर प्रमाणपत्र हवेच, असा निर्वाळा दिला. प्रकरण जालन्याच्या निवडणुकीचे, पण त्याची झळ प्रत्येक फौजदारी खटल्याला.

हे न शिकल्याने काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले आहे. मध्य प्रदेशातल्या खंडव्याला २०१३ मध्ये एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाचा खटला चालला. आरोपीसाठी विधी सेवेतून वकील नेमला गेला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले. दोन आठवड्यांत खटला संपून फाशी झाली. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि घालून दिले, की फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा, त्याला तयारीला साधारणतः किमान सात दिवस मिळावेत. फेरसुनावणीत पुन्हा शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती पुन्हा बाजूला सारली, कारण डीएनए अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाची साक्षच नीट तपासली गेली नव्हती. शेवटी २०२४ मध्ये, अकरा वर्षांनी, तो माणूस निर्दोष सुटला. डीएनए अहवाल कसा वाचायचा हे कोणत्याही वकिलाला उपजत येत नाही. ते शिकवावे लागते. दहा वर्षांच्या अनुभवाची अट चांगलीच आहे, पण दहा वर्षे जामिनाचे अर्जच केले असतील तर त्या अनुभवाने डीएनए येत नाही.

आता २०२४ चा बदल. न्याय संहिता ३५८ कलमांची, नागरिक सुरक्षा संहिता ५३१ ची, साक्ष अधिनियम १७० चा. बराचसा मजकूर जुनाच आहे, आकडे नवे. खरी जोखीम जिथे मजकूरही बदलला तिथे आहे. झडतीचे दृक्श्राव्य चित्रण आता करावे लागते. डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ द्यावा लागतो, म्हणजे फायलीचा आकडी अंगठा म्हणा ना. फाइल किंचित जरी बदलली तरी तो जुळत नाही. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्यातुकड्यानेही मागता येतात. आणि १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते, तेव्हा आणखी कितीतरी वर्षे दोन्ही पुस्तके हाताशी हवीत. १९७४ ची पुनरावृत्तीच, फक्त यावेळी तीन कायदे एकदम.

न्यायाधीशांसाठी भोपाळला राष्ट्रीय अकादमी आहे, महाराष्ट्राची उत्तनला आहे. पोलिसांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. राहिला तो आरोपीच्या बाजूने उभा राहणारा. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्येच वकिलांना ठरावीक तासांचे शिक्षण सक्तीचे केले. बाकीची बहुतेक राज्ये मागाहून आली. आपल्याकडे सक्ती म्हटली की वकील संघटना चवताळतात, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नाही. तालुक्याच्या वकिलाला शहरात जाऊन दिवस घालवणे परवडत नाही, प्रमाणपत्रे विकणारी दुकाने निघायलाही वेळ लागणार नाही. म्हणून सुरुवात विधी सेवेच्या पॅनेलपासून करावी असे माझे मत आहे. त्यांची फी सरकार देते, पक्षकाराला त्यांच्याशिवाय दुसरा पर्याय नसतो, तेव्हा सरकारने शिक्षणाची अट घातली तर कोणी तक्रार करू नये. वर्षाला बारा तास, तालुक्याच्या कोर्टातच, शनिवारी, हारतुऱ्यांशिवाय.

पहिल्या तासाचा विषयही मी सुचवतो: नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला सोडायचे आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले असलेले कैदी यातून वगळले आहेत. जुन्या कायद्यात ही मुदत निम्म्या शिक्षेची होती. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जुन्या प्रकरणांतल्या कच्च्या कैद्यांनाही याचा लाभ मिळेल. तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाला कळवावे असेही कलम म्हणते, पण अधीक्षकाच्या टपालाची वाट वकिलाने का पाहावी? अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात आपला पक्षकार किती दिवस आहे ते विचारायचे, कमाल शिक्षेला तीनाने भागायचे आणि अर्ज करायचा. टंकलेखनासकट त्याला एक पान लागते.